कासवांच्या मास्तरांची बहीण

दिलीप गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात, जुन्या शहरातल्या माझ्या घरी कणीक मळत होते. आधी रडू नाही आलं, राग आला. आज महिना झाला, तरी तो राग गेलेला नाही. माझा धाकटा भाऊ साठीही न गाठता तिकडे कोकणच्या किनाऱ्यावर गेला, आणि इथे शोकसभेत लोक त्याला ‘सागरपुत्र’ म्हणत होते. कसला डोंबलाचा सागरपुत्र! इथल्या मोर्णा नदीच्या गुडघाभर पाण्यात उतरायला घाबरायचा हा.

दर्यापूरच्या काळ्या मातीत वाढलेला माणूस. कोकणात शाळामास्तर झाला आणि कोळ्यांच्या पोरांना समुद्रकासवांची अंडी राखायला शिकवू लागला. पहिल्याच वर्षी तापलेली वाळू बघून याचा जीव कळवळला, अन् आपण कपाशीच्या रोपाला घालतो तसं याने घरट्यावर रोज बादलीभर पाणी घातलं. सगळी अंडी सडली. ही फजिती तो दर वर्षी वर्गात स्वतःच सांगायचा म्हणे. पण तेव्हापासून पिल्लं निघायच्या दिवसांत घरटं सोडून तो कधी हलला नाही.

आईसाठीसुद्धा नाही. “दिल्या, आई तुले बलावून राह्यली!” मी फोनवर ओरडले. “ताई, फक्त दोन दिवस. पिल्लं निघून राह्यले... तू आहेस न तिच्यापाशी.” तो पोचला तेव्हा आईची राख सावडून झाली होती. चारचौघांत मी त्याला म्हटलं, “जाय तुह्या कासवांपाशी.” त्यानंतर सहा वर्षं आम्ही बोललो नाही.

शोकसभा संपल्यावर एक कोळीण माझ्याजवळ आली. लेकीला घेऊन, दोन गाड्या बदलून आली होती. माझा हात धरून म्हणाली, “मास्तरांची ताई तुमीच ना? ते पोरांना दर वर्षी सांगायचे, मी आईकडे गेलो नाही, ते चुकलं माझं. माझी ताई मात्र शेवटच्या श्वासापर्यंत तिच्यापाशी बसली. राखण करायची तर तशी करा.”

मी हात सोडवून घेतला. अंगाची नुसती आग झाली. दिल्या, साऱ्या किनाऱ्याले सांगितलंस, मग मले सांगायले काय झालं होतं तुले?...

“तुमाला कधी बोलले नाहीत ते?” तिनं विचारलं.

सहा वर्षं त्याचा फोन आला की मी कापून टाकायचे, हे तिला सांगायला माझी जीभ रेटली नाही.