केप्लर सरांच्या नावाची जागा

ऑर्व्हल केप्लरचं नाव तो धडधाकट असतानाच थडग्यावर कोरलेलं होतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. आमच्या बेथेल फोर्क गावात रीतच तशी. नवराबायकोतलं एक गेलं की दगड दोघांचा मिळून बसवायचा. गेलेल्याचं सगळं लिहायचं. मागे राहिलेल्याचं नाव, जन्मसाल, मग एक आडवी रेघ, आणि रेघेपुढची जागा मोकळी. ऑर्व्हलची बायको लव्होन गेली तेव्हा थडग्याचे दगड कोरणाऱ्या डॅरल टोम्सनं रेघेपुढे ‘२०’ एवढे दोन आकडेसुद्धा उरकून टाकले.

"शतक काही तुम्ही ओलांडत नाही, सर," डॅरल म्हणाला होता. "उरलेले दोन आकडे सवडीनं घालू. मला घाई नाही."

डॅरल त्याचा जुना विद्यार्थी. जीवशास्त्रात काठावर पास झालेला, पण छिन्नी हातात आली की माणूस वेगळा. ऑर्व्हल तेव्हा बायको गेल्यानंतर पहिल्यांदा हसला होता.

दर रविवारी चर्च सुटलं की तो मागच्या दफनभूमीत जाई आणि रुमालानं दगड पुसत बसे. आधी तिचं नाव, मग स्वतःचं. मूलबाळ नव्हतं, भावंडं नव्हती. आपण शेवटी कुठं आणि कुणाशेजारी पडणार आहोत हे ठाऊक असलं की एकट्या माणसाला घरी परतायला बळ येतं. ऑर्व्हलकडे तेवढंच बळ होतं.

तो शाळेत जीवशास्त्र शिकवी आणि चर्चमध्ये डीकन, म्हणजे पास्टरच्या मदतीचा सेवेकरी, होता. ही दोन्ही कामं एका माणसाला झेपत नाहीत असं बाहेरच्यांना वाटतं. ऑर्व्हलनं त्यावर सोपा तोडगा काढला होता. उत्क्रांतीचा धडा पुस्तकात अगदी मधोमध होता. तो ऑर्व्हल मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घेई. खिडक्या उघड्या, मोठ्या वर्गाची मुलं निरोप घेऊन गेलेली, उरलेल्यांचं चित्त खाणीच्या डोहात पोहायला गेलेलं. परीक्षेत त्यावर प्रश्न नाही. तो टेबलावर ओढ्यातले दगडी मणी ओतायचा. आमच्याकडची पोरं ते लहानपणापासून दोऱ्यात ओवून गळ्यात घालतात.

"हे मणी नव्हेत रे," तो म्हणे. "हा प्राणी आहे. समुद्राच्या तळाशी देठावर उभा राहायचा, वर फुलासारखे हात पसरून. हे त्याच्या देठाचे तुकडे. आपण बसलोय ना, इथं समुद्र होता."

तेवढ्यात घंटा व्हायची. पास्टरला वाटे धडा झालाच नाही, सरकारला वाटे झाला, आणि ऑर्व्हलला वाटे आपण कुणाशीच खोटं बोललो नाही. गावात याला समजूतदारपणा म्हणत. खरं तर तो भित्रेपणा होता. पण त्याच्या जोरावर त्याची तीस वर्षं सुखात गेली, आणि भित्र्या माणसांचं सुख आम्ही कधी कुणी मोजायला जात नाही.

ते सुख मोडलं नाडीननं. नाडीन स्ट्रंक म्हणजे लव्होनची धाकटी बहीण, शाळेच्या मंडळाची अध्यक्ष. बाई मनानं वाईट नव्हती असं लोक अजून म्हणतात. मी तेवढा उदार नाही. तिनं मंडळात ठराव आणला: जीवशास्त्राच्या तासाला आधी चार वाक्यं वाचून दाखवायची. उत्क्रांती हा एक अंदाज आहे. त्यात भोकं आहेत. सजीवांची घडण इतकी गुंतागुंतीची आहे की तिच्यामागे कुणी बुद्धिमान रचनाकार असावा, असाही विचार विज्ञानात आहे. मुलांनी मन मोकळं ठेवावं. देवाचं नाव कुठं नव्हतं. सरकारी शाळेत धर्म शिकवायला कायद्याची बंदी, म्हणून ते मुद्दाम टाळलं होतं, आणि नाडीनला त्या हुशारीचा फार अभिमान होता.

शाळेच्या व्यायामशाळेत जाहीर सभा बोलावली. दोन दिवस आधी नाडीन ऑर्व्हलच्या घरी आली आणि लव्होनची गोधडी मागून गेली. "सगळ्यांना दाखवायचीय रे. तिची आठवण." ऑर्व्हलनं पलंगावरून काढून, नीट घडी घालून दिली. त्याला बरं वाटलं.

सभेत नाडीननं ती गोधडी दोन बायकांकरवी उलगडून धरली.

"ही माझ्या बहिणीनं शिवली. शेकडो तुकडे. रंगाला रंग, टाक्याला टाका. ऑर्व्हल, तू सायन्सचा मास्तर. सांग सगळ्यांना, ही आपोआप शिवली गेली का?"

तो उभा राहिला. तीस वर्षांची सवय. चुकीचं उत्तर ऐकलं की तोंड आपोआप उघडायचं.

"गोधडी लव्होननं शिवली, नाडीन. पण गोधडीची आणि जिवाची तुलना होत नाही. गोधडीला पोरं होत नाहीत."

मागच्या बाकांवर दोघंतिघं हसले. नाडीननं हसू पुरतं विरेपर्यंत वाट पाहिली.

"माझ्या बहिणीलाही झाली नाहीत," ती म्हणाली. "मग ती काय होती, ऑर्व्हल? कापड?"

 ऑर्व्हल उभाच होता, आणि समोर त्याचं अंथरूण दोन बायकांच्या हातात पसरलेलं होतं. त्यावर लव्होनच्या डोक्याकडच्या बाजूचा डाग सगळ्या गावाला दिसत होता. तो खाली बसला. ठराव पास झाला. गोधडी त्याला परत मिळाली नाही. "खानदानाची वस्तू आहे," नाडीन म्हणाली.

ठरावाविरुद्ध काही पालक कोर्टात गेले. मास्तर म्हणून ऑर्व्हलला साक्षीचं बोलावणं आलं. ते कळताच पास्टर ड्वाइट युबँक्स पीचची फळं भरून भाजलेला गोड ‘पाय’ घेऊन त्याच्या स्वयंपाकघरात हजर झाला. स्वतःच कापला, स्वतःच दोन बशांत वाढला.

"ब्रदर ऑर्व्हल, कोर्टात तुला विचारतील हे विज्ञान आहे का. तू म्हण, मी साधा मास्तर, मला ठरवता येत नाही. एवढंच. खोटं बोल असं मी सांगत नाहीये."

"मला ठरवता येतं, पास्टर. तेच शिकवतो मी."

"मे महिन्यात," पास्टर म्हणाला. "मला काय ठाऊक नाही होय रे? तीस वर्षं मी डोळेझाक केली. एकदा तू कर." मग काट्यानं बशीतला चुरा गोळा करत, हवापाण्यावर बोलावं तसं तो म्हणाला, "दफनभूमी चर्चच्या सभासदांसाठी आहे, तुला माहीतच आहे. सभासद नसलेल्याला हायवेपलीकडे गावाची जागा आहे. वाईट नाही तशी. ट्रकचा आवाज येतो थोडा."

ऑर्व्हलनं आपला वाटा तसाच बशीत ठेवला. पास्टरनं त्याचाही संपवला.

कोर्टात त्याच्यासमोर बायबल धरलं. ऑर्व्हलनं त्यावर हात ठेवला, आणि तिथंच त्याचा घात झाला. ज्याला देव फारसा नाही त्याला बायबलवर हात ठेवून शब्द इकडचा तिकडे करता येतो. ऑर्व्हलला देव होता. त्या हाताखालच्या पुस्तकाला स्मरून त्यानं लग्न केलं होतं, लव्होनला मातीत ठेवलं होतं.

"ही चार वाक्यं विज्ञान आहेत का?" वकिलानं विचारलं.

 ऑर्व्हलला दगडावरची आपली रेघ दिसली.

"नाही," तो म्हणाला.

"मग काय आहेत?"

"आमच्या चर्चमधलं बोलणं आहे. मी रविवारी तेच ऐकतो. माझी त्यावर श्रद्धाही आहे. पण ते विज्ञान नाही."

ठराव रद्द झाला, आणि खटल्याचा निकाल त्या वाक्यावर लागला असं पेपरवाल्यांनी लिहिलं. शाळेला दुसऱ्या बाजूच्या वकिलांचा खर्च भरावा लागला, म्हणून फुटबॉलच्या मैदानाचे दिवे आले नाहीत. देवाचा अपमान आमच्या गावानं कदाचित पोटात घातला असता. दिव्यांचा नाही घातला.

पुढच्याच रविवारी प्रवचनानंतर पास्टरनं सभासदांना थांबवून घेतलं. ब्रदर ऑर्व्हलला सभासदत्वातून मोकळं करावं असा प्रस्ताव होता. "रागानं नाही," पास्टर म्हणाला, "प्रेमापोटी. मान्य असेल त्यांनी हात वर करा." पहिला हात नाडीनचा. मग बाकावर बाक हात वर होत गेले. आमच्याकडे हात मोजायचं काम डीकनचं. पास्टर सवयीनं बोलून गेला, "ब्रदर ऑर्व्हल, मोज जरा."

कुणीतरी खोकलं. पास्टरच्या चूक लक्षात आली, पण शब्द परत घ्यायचं त्याला सुचलं नाही. आणि ऑर्व्हल, देवा रे, ऑर्व्हल उठला. मधल्या वाटेनं चालत, बोट हलवत, ओठांत पुटपुटत त्यानं हात मोजले. एका म्हातारीचा हात खांद्याच्या दुखण्यानं खाली आला होता, तिला त्यानं हळूच विचारलं, "तुझा धरू ना, एडिथ?" तिनं मान डोलावली. त्यानं धरला. पुढे येऊन त्यानं आकडा सांगितला आणि टोपी घेऊन बाहेर पडला.

मेच्या अखेरीस, थडग्यांवर फुलं ठेवायच्या दिवशी, तो परसातली पिओनीची फुलं बरणीत घालून दफनभूमीत गेला. फुलं ठेवायला कुणाची मनाई नव्हती. लव्होनच्या दगडापाशी डॅरल गुडघ्यांवर बसला होता. शेजारी घासायचं यंत्र, सगळीकडे पांढरी धूळ. दगडाची उजवी बाजू बोटभर खोल घासून सपाट केली होती. नाव नव्हतं. जन्मसाल, रेघ, ते दोन आकडे, काहीच नव्हतं.

"नाडीनबाईंनी सांगितलं, सर," डॅरल वर न बघता म्हणाला. "दगड त्यांच्या बहिणीचा, म्हणाल्या. मी नसतं केलं तर दुसऱ्यानं केलं असतं."

ऑर्व्हल बरणी हातात धरून उभा राहिला. मग त्याला ते दिसलं. घासलेल्या भागात, बरोबर त्याच्या नावाच्या जागी, दगडाच्या आतून एक आकृती वर आली होती. मिटत आलेल्या लिलीसारखी. खाली लांब देठ, आणि देठाला एकावर एक रचलेले मणी. तीस वर्षं त्यानं देठाचे तुकडे टेबलावर ओतले होते. अख्खा प्राणी, डोक्यासकट, त्यानं उभ्या जन्मात पहिल्यांदा पाहिला.

डॅरलही बघत होता. "सर, हे म्हणजे ते मेमधलं–"

तेवढ्यात नाडीन चर्चच्या बायकांना घेऊन आली. तिनं दगड पाहिला आणि मटकन गुडघ्यांवर बसली.

"अगं बाई! फूल! डॅरल, हे तू कोरलंस?"

"नाही, बाई."

"मग कुणी?"

डॅरलनं ऑर्व्हलकडे पाहिलं. "सर सांगतील."

नाडीन वळली. तिच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी होतं. "सांग, ऑर्व्हल. कोर्टात फार बोललास. आता हिच्यापुढे बोल. माझ्या बहिणीला हे फूल कुणी दिलं? एवढं कबूल कर, आणि तू पुन्हा आमचा. मी स्वतः पास्टरशी बोलते."

पुन्हा आमचा. म्हणजे सभासद, म्हणजे ही जागा. इथं बायबल नव्हतं, शपथ नव्हती. होती फक्त लव्होनशेजारची ती दोन हात रुंद हिरवळ. डॅरल गॉगल कपाळावर सारून त्याच्या तोंडाकडे बघत होता, कधी काळी वर्गात बघायचा तसा.

"देवानं," ऑर्व्हल म्हणाला.

"काय आहे ते? मोठ्यानं."

"फूल आहे. फूलच आहे, नाडीन."

बायका रडू लागल्या. नाडीननं त्याला मिठी मारली, दोन्ही गालांवर ओठ टेकले.  डॅरलनं गॉगल खाली ओढला आणि धूळ झाडत विचारलं, "मग नाव परत घालू ना सरांचं? खालच्या अंगाला बसेल."

"या दगडाला?" नाडीन दचकली. "वेड लागलं का रे? याला आता छिन्नी लागायची नाही. लोक लांबून येतील हे बघायला." तिनं मागे सरून शेजारची हिरवळ पायानं मापली. "उभं राहायला, बसायला जागा हवी. इथं खणायचं नाही आता कुणी. इथं बाक टाकू या. ऑर्व्हल, तूही येऊन बसत जा हं. तुझंच आहे हे."

नाडीननं शब्द पाळला. पुढच्या रविवारी ऑर्व्हल सभासद झाला. हात मोजायचं काम मात्र दुसऱ्याकडे गेलं. बाक बरोबर त्याच्या जागेवर बसला, पाय सिमेंटात गाडून. त्याच्यासाठी हायवेपलीकडे सोय आहे. ती नाडीननंच पाहिली.

तो आता शाळेतून निवृत्त झालाय, पण चर्च सुटलं की तिथं बसलेला असतो. लोक खरंच लांबून येतात. मागच्या मे महिन्यात शाळेची मुलं आली होती. एका पोरीच्या गळ्यात ओढ्यातल्या मण्यांची माळ होती. ती दगडाजवळ वाकली, देठाकडे बघितलं, मग आपल्या माळेकडे, मग पुन्हा देठाकडे.

"आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही सायन्स शिकवायचात ना? हे सेम आहे. बघा ना. हे काय आहे?"

ऑर्व्हलनं रुमाल काढला आणि लव्होनचं नाव पुसलं.

"फूल," तो म्हणाला.