बॅटरीसाठी लावलेला एसी

छत उघडणाऱ्या गाड्या थंड देशांत हिवाळाभर झाकून ठेवतात. कतारमध्ये उलटं. डिसेंबरात आम्ही छत उघडून समैस्माच्या किनाऱ्यापर्यंत जायचो, आणि जुलैत रजेवर निघण्याआधी माझा नवरा त्या जुन्या दोन सीटच्या गाडीची बॅटरी काढून ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आणायचा. थंडीपेक्षा उष्णता बॅटरीला लवकर मारते, असं तो म्हणायचा. बेडरूममध्ये रबरी पायपुसण्यावर ती ठेवायची, एसी मंद लावायचा आणि घराची चावी समोरच्या भाईंकडे द्यायची. भाई रत्नागिरीचे, रास लफानच्या गॅस प्लांटवर याच्याच शिफ्टमध्ये. महिन्यातून एकदा येऊन ते बॅटरी चार्जरला लावत.

"भाबी, तुम्ही वसईला पंख्याखाली घाम पुसणार नि ही इथं एसीत," ते म्हणायचे. "सवत बरी पाळलीय."

"हिचं एक बरं आहे," नवरा म्हणायचा, "तुमच्या भाबीसारखी पुस्तकं मागत नाही."

त्या वर्षी रजा संपायच्या आत तो वसईलाच वारला. त्याला तिथल्या चर्चच्या आवारात पुरून मी एकटी परतले, ती कंपनीचं घर रिकामं करायला. गाडीसाठी एकच गिऱ्हाईक मिळालं होतं, समैस्माचा एक म्हातारा कतारी. फोनवर तो म्हणाला होता, "चलेगी तो चलाऊँगा. नहीं तो पार्ट निकालूँगा." तो त्याच दिवशी दुपारच्या नमाजानंतर येणार होता आणि दुसऱ्या दिवशी माझं विमान होतं. ती गाडी कुणीतरी चालवावी, एवढंच मला हवं होतं. तिचे सुटे भाग झालेले मला सोसले नसते.

दार उघडलं तेव्हा आतून कोंडलेली वाफ अंगावर आली. एसी बंद होता.

भाई उंबऱ्याबाहेरच थांबले. "मेन स्विच मीच पाडला, भाबी. खबर आली त्या दिवशी. घरात कोणी नाही, म्हटलं, वायर-बियर जळाली तर?"

"आणि चार्जिंग?"

"तुम्ही पाय ठेवायच्या आधी मयताच्या घरात शिरून त्याच्या वस्तूंना हात लावायचा? मन होईना."

मला रागावताही येईना. वसईलाही ओट्यावरच्या त्याच्या चपला मी उचलेपर्यंत कुणी हलवल्या नव्हत्या.

भाईंनी स्विच चढवला. मी बेडरूमचा एसी लावला, मग आम्ही बॅटरी खाली नेऊन गाडीत बसवली. आधी लाल वायर, मग काळी. चावी फिरवली. टक्. पुन्हा टक्. डॅशबोर्डवरचे दिवे लागता लागता विझले.

भाईंनी आपली पिकअप गाडीच्या नाकासमोर आणून लावली आणि तिच्या बॅटरीला जोडायच्या वायरी काढल्या. काळा चिमटा ते आमच्या बॅटरीवर लावणार इतक्यात मी ओरडले, "तिथं नको! इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा. ठिणगी उडते." दर वर्षी टॉर्च धरून शेजारी उभी असायचे मी. एवढं सगळं कानात राहिलं आहे हे मलाच ठाऊक नव्हतं.

पिकअप थोडा वेळ चालू ठेवली. मी चावी फिरवली. इंजिन कण्हलं, थांबलं. दुसऱ्यांदा खोकल्यासारखं झालं आणि एकदम लागलं. भाईंनी वायरी काढून पिकअप मागे घेतली. "आता बंद करू नका. बंद केली की खलास."

तेवढ्यात गल्लीत म्हाताऱ्याची जीप वळली. तो उतरला, बॉनेटवर तळहात ठेवून ऐकत राहिला. मग म्हणाला, "बंद करो. फिर चालू करो."

भाई मराठीत पुटपुटले, "भाबी, सांगा कायतरी. घाई आहे म्हणा. यल्ला, चला, जाऊ दे त्याला."

माझा हात चावीवर होता. खोटं बोलणं सोपं होतं. त्याला मराठी कळत नव्हती आणि माझं विमान सकाळी होतं. पण मग गाडी वाटेत कुठेतरी थांबली असती, आणि त्याने ती मेली असं समजून खोलली असती.

"बॅटरी खलास है," मी म्हटलं. "गर्मी में बंद घर में पडी थी. बंद करेंगे तो चालू नहीं होगी. गाडी अच्छी है."

"बॅटरी घर में क्यों?"

"एसी में रखते थे. हर साल."

त्याने माझ्याकडे, मग माझ्या काळ्या साडीकडे पाहिलं. जीपच्या ड्रायव्हरला हाताने मागे यायची खूण केली. मी उतरले. तो आत बसला. त्याचे गुडघे स्टिअरिंगला टेकले, म्हणून त्याने सीट मागे सरकवली. माझ्या नवऱ्याची सीट. "बॅटरी नयी आएगी," तो म्हणाला, आणि इंजिन बंद न करताच निघाला.

"वाटेत सिग्नलला बंद पडली तर?" भाईंनी विचारलं. गाडीचा आवाज रस्त्यावरच्या बसच्या आवाजात मिसळेपर्यंत आम्ही उभे राहिलो.

वर बेडरूम गार झाली होती. पायपुसण्यावर बॅटरीचा चौकोन उमटलेला होता. सकाळी विमानासाठी निघताना मी एसी बंद केला. मेन स्विच भाईंनीच पाडला, पण या वेळी मला विचारून.