दशमीचे पावटे

बाळाचार्यांना ढेकर वेळेवर येत नसे. मंगळवारी सकाळी आलेल्या ढेकरेला सोमवारच्या आमटीचा वास, तोही आंबलेला, आणि ती सुटायची नेमकी गोदूबाईंच्या तोंडावर. "शिसारी आली हो तुमची," म्हणत त्या पदर नाकाला लावत. कानडी मुलखात लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेला आणि तिथेच उणकलला घर बांधून राहिलेला हा माणूस वीस वर्षांचा मधुमेही. एरवी पाच पोळ्यांचा गडी, पण अलीकडे दोन घासांत 'साकु', पुरे, म्हणून ताट सारायचा, आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं टम्म. इन्सुलिन टोचून जेवला तरी तासाभरात घामाने निथळायचा, आणि साखर चढायची ती भलत्याच वेळी. गोदूबाईंनी याचा एकच अर्थ लावला होता: आपल्या स्वयंपाकाचा अपमान.

आचार्यांचा सगळा अभिमान एकादशीत होता. चाळीस वर्षं निर्जळी. दशमीला दुपारी एकदा जेवले की थेट द्वादशीच्या पहाटे. त्या दिवशी सुईलासुद्धा उपास.

एका एकादशीच्या संध्याकाळी मठात प्रवचन सांगतासांगता ते थांबले आणि पुढच्या रांगेतल्या विठ्ठलराव वकिलांच्या धोतरावर भडभडून ओकले. भात आणि अख्खे पावटे.

विठ्ठलरावांनी धोतर झटकायच्या आधी साक्षीदार मोजून घेतले. मग शांतपणे विचारलं, "आचार्य, निर्जळीला पावटा कुठून आला? पोहत?"

आचार्य शपथा घेत राहिले आणि मंडळी नाकं दाबून बसली. गोदूबाईंनाही वाटलं, गेले असतील कुठल्या खानावळीत लपूनछपून.

फरशी पुसणं अर्थात त्यांच्याच वाट्याला आलं. ओकारी आवरत, नवऱ्याला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घालत पुसताना त्यांचा हात थबकला. पावट्यांना गुरेळ्ळाची, म्हणजे कारळ्याची, काळी पूड चिकटली होती. सोबत खोबऱ्याचे जाडे काप, कारण घरची खोवणी मोडली होती. हे पावटे दशमीच्या दुपारचे, त्यांच्याच हातचे. तीस तास पोटात राहून जसेच्या तसे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आचार्यांना डॉक्टर इंदुमतींपुढे बसवलं आणि सगळी किळस साग्रसंगीत सांगितली. डॉक्टरीणबाईंनी नाक न मुरडता दोन घासांत भरणारं पोट, शिळी ढेकर, जेवणानंतरचा घाम, सगळं एका दोऱ्यात ओवलं. औषध मिसळलेली इडली खायला घालून पोटाचे फोटो काढवले. चार तासांनीही अर्धी इडली जागच्या जागी. वर्षानुवर्षांच्या साखरेने पोटाच्या नसा दुबळ्या झाल्यात, अन्न पुढे सरकतच नाही, म्हणून सुईचा जोर आधी आणि जेवणाची साखर मागाहून, असं त्या म्हणाल्या. आता थोडं थोडं, मऊ, कमी तेलाचं खायचं. इन्सुलिनच्या वेळा त्या ठरवून देणार. पावटे बंद.

आचार्यांचा चेहरा खुलला. "ते दशमीचंच अन्न होतं, एवढं लिहून द्या."

त्यांनी लिहून दिलं, आणि खाली आणखी एक ओळ लिहिली.

आचार्यांनी मठात जाऊन तो कागद खालून दुमडून विठ्ठलरावांपुढे धरला. पण वकिलाने जन्मात कधी अर्धा कागद वाचला नव्हता. त्यांनी घडी उलगडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, की यांनी यापुढे निर्जळी करायची नाही आणि सुई चुकवायची नाही.

पुढच्या एकादशीला गोदूबाईंनी वरीच्या पेजेची वाटी पुढे ठेवली. मठाने त्या संध्याकाळी आचार्यांकडे पाहिलं होतं, तसंच आचार्यांनी वाटीकडे पाहिलं.

"गिळा," गोदूबाई म्हणाल्या. "आणि मठात विठ्ठलरावांपासून लांब बसा."