सातव्या दगडाचा खड्डा

दालगितेचं माहेर वर, एलोत. सासर खाली, वोशेत. मध्ये डोंगराचा माथा आणि त्यावरचं कुरण. सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती खाली उतरली आणि पुढची चव्वेचाळीस वर्षं जवाच्या शेतात आणि केळीसारख्या दिसणाऱ्या एन्सेटच्या बागेत राबून वोशेचीच झाली. मी तिचा शेजारी, वोशेच्या शाळेतला मास्तर.

कुरणाची हद्द पूर्वी नऊ दगडांनी दाखवलेली होती. बादशहाच्या राज्यात सुभेदाराची माणसं दोर घेऊन आमची शेतं मोजून गेली, हवा तेवढा हिस्सा घेऊन गेली, पण त्या दगडांना त्यांनी हात लावला नाही. नंतरच्या लष्करी राजवटीने ते उपटले आणि सहकारी कोठाराच्या पायात घातले. जमीन आता सगळ्यांची, हद्द कशाला, असं त्यांचं म्हणणं. पुढे तीही राजवट गेली, कोठाराचं छप्पर वाऱ्याने नेलं, आणि नव्या सरकारने तालुके पाडायला घेतले. एलो एका तालुक्यात, वोशे दुसऱ्यात. हद्द कुरणातून जाणार होती आणि कुरणात झरा एकच. कोरड्या महिन्यांत दोन्हीकडची गुरं त्याच्यावर जगत. हद्द पूर्वी कुठून जायची, ते जुन्या माणसांना आठवत होतं. पण जो तो आपल्या गावापुरतं आठवत होता.

मोजणीदार यायच्या पंधरा दिवस आधी एलोच्या कुणीतरी आमचा एक बैल झऱ्यावर भाल्याने मारला. आमच्या पोरांनी त्यांच्या गुराख्याची झोपडी जाळली. मग कुरणावर एकटं कुणी जाईना. एलोच्या बायका बाजाराला जाताना आमची वाट टाळून ओढ्याने लांबून जायला लागल्या.

आमच्या पोरांचा म्होरक्या होता शान्को, दालगितेचा थोरला. झरा पहिल्यापासून वोशेचा, असं तो घरोघरी सांगत फिरे. दालगिते ऐके आणि एन्सेटचं खोड खरवडत बसे.

एके दिवशी मडकी विकणाऱ्या बाईबरोबर तिच्या भावाचा, अंजुलोचा निरोप आला. अंजुलो एलोच्या पंचांतला. "ताई, दगडांखाली बाबांनी काय पुरलं होतं, ते फक्त तू पाहिलंयस. मोजणीच्या दिवशी ये."

निरोप शान्कोच्या कानावर जायला किती वेळ लागणार! संध्याकाळी मी त्यांच्याकडे विस्तव मागायला गेलो, तर तो भाल्याचं पातं दगडावर घासत बसला होता.

"मामाचा निरोप आला म्हणे?"

"आला."

"आजोबांनी काय पुरलं होतं?"

दालगितेने भाकरी उलटली. "पुरलेलं पुरलेलंच असतं."

"आई, साठीला आलीस. या वयात माणूस विसरतं. कुणी नावं ठेवत नाही." त्याने पातं अंगठ्यावर घासून पाहिलं. "तू कुठली, ते एकदा ठरव."

"तुला जन्म दिला तिथली."

शान्को हसला. मास्तर, ऐकलंत ना, असं माझ्याकडे बघून म्हणाला. मी विस्तव घेतला आणि निघालो. तिने कशालाही हो म्हटलेलं नाही, हे माझ्या घरी पोचल्यावर लक्षात आलं.

मोजणीच्या सकाळी माथ्यावर धुकं इतकं दाट होतं, की समोरच्या बाजूला एलोचे किती लोक उभे आहेत ते कळेना. नुसता खोकण्याचा आवाज येत होता. धुकं विरलं तेव्हा दिसलं, दोनशेच्या खाली नव्हते. आमचेही तितकेच. पुढे पंच बसलेले, मागे भाले. मोजणीदार बेकेले हातात फीत धरून मधोमध उभा, आणि त्याच्याबरोबरचे दोन पोलीस आपण इथे नाहीच, असे चेहरे करून.

"झरा कुणाच्या बाजूला, एवढं ठरवून सांगा," बेकेले म्हणाला. "मी रेघ मारतो आणि जातो."

दोन्हीकडून एकदम आरडाओरडा झाला. एक दगड भिरभिरत आला आणि पोलिसाच्या पायाशी पडला.

तेवढ्यात आमच्या बाजूने दालगिते पुढे आली. खांद्यावर कुदळ, हातात ओल्या गवताची जुडी. आमच्याकडे सभेत बायका बोलत नाहीत. ती बोललीही नाही. तिने दोन्ही गावांच्या मध्ये गवत अंथरलं. ते ओलांडणं म्हणजे घरादारावर पाप ओढवून घेणं. मग झऱ्याच्या खालच्या अंगाला, वोशेच्या बाजूला वीस पावलं मोजून ती खणायला लागली.

"आई!" शान्को ओरडला. "घरी चल!"

हातभर खड्डा झाला. नुसती माती.

"म्हातारी रताळी शोधतेय," एलोतून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. हसणं ऐकून आमची पोरं आणखी भडकली.

तिने चार पावलं सरकून दुसरा खड्डा घेतला. तोही रिकामा. तिने एकदा चढाकडे पाहिलं, एकदा उताराकडे, मग अंजुलोला विचारलं, "दरड कधी कोसळली होती रे? कुठवर आली होती?"

"दुष्काळाच्या साली. त्या झुडपापर्यंत."

दरडीच्या मातीने जुना उतार झाकला होता, म्हणून ती माती संपत होती तिथे, झुडपापाशी गेली. तिसरा खड्डा तिने गुडघे टेकून, शेवटी नुसत्या हातांनी उकरला. हात बाहेर काढला तेव्हा मुठीत काळा कोळसा होता.

"सातवा दगड," ती म्हणाली. "दगड उपटतील, पण कोळसा कुजत नाही, म्हणून बाबांनी प्रत्येकाखाली घातला. टोपली माझ्या डोक्यावर होती. नऊ वर्षांची होते मी." तिने मान वर केली नाही. "झरा एलोचा."

एलोकडून आरोळी उठली. शान्को धावत खड्ड्यापाशी आला. गवत त्याने ओलांडलं नव्हतं, खड्डा आमच्याच अंगाला होता. त्याने कुदळीला लाथ मारली आणि भाला उचलला. कुणावर, ते त्यालाही ठाऊक नसावं.

दालगिते खड्ड्यात उतरून बसली. "मार. नाहीतर माती लोट. खड्डा तयारच आहे."

शान्कोचा हात तसाच वर. मग त्याने भाला जमिनीत खुपसला आणि कुणाकडे न बघता उतरणीला लागला.

एलोची पोरं नाचायला लागली होती. दालगिते बसल्या जागेवरून भावाला म्हणाली, "अंजुलो, थांबव त्यांना. कोरड्या महिन्यांत बाबा वोशेची गुरं पाण्यावर येऊ द्यायचे की नाही?"

अंजुलोने मागे आपल्या पोरांकडे पाहिलं.

"खरं मी एकटीनेच बोलायचं का?"

"त्यांनी झोपडी जाळली, दादा!" मागून कुणीतरी ओरडलं. "एक थेंब द्यायचा नाही!"

अंजुलो उठला, अंथरलेल्या गवतातली चार पाती घेतली आणि गवत न ओलांडता आमच्या पंचांसमोर गुडघे टेकले. "यायची," तो म्हणाला. "एक दिवस त्यांची, एक दिवस आमची." आमच्या थोरल्या पंचाने दुसऱ्या टोकाला ती पाती धरली, म्हणजे शपथ झाली. बेकेलेला हे कागदावर लिहा म्हटलं, तर तो म्हणाला, याला नकाशात जागा नाही. मग मीच शाळेच्या वहीत लिहून दोन्हीकडचे अंगठे घेतले.

दालगितेला मात्र वोशेत कठीण गेलं. वर्षभर कुणी तिच्याकडून विस्तव घेतला नाही. शान्को खाली तळ्याकाठच्या कापसाच्या मळ्यावर निघून गेला.

तो चार वर्षांनी आला, बायको आणि लहान मुलगी घेऊन. मी ओट्यावर होतो. दालगितेने नातीच्या हातात भाकरी दिली. शान्को दाराशी पाय दुमडून बसला होता.

"तू सांगायला नको होतंस, आई."

"हं."

"पण दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर त्याला मी तिथेच मारलं असतं."

"ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "म्हणून मीच गेले."