पत्र्याआडची गल्ली

हेब्बाळ भागातल्या आमच्या गल्लीचं तोंड पत्रे लावून बंद केलं, तेव्हा त्या कामाची बाजू घेतली ती माझ्या वडिलांनीच. शहरात परदेशी पाहुण्यांची मोठी परिषद भरणार होती. विमानतळाकडून येणारे त्यांचे ताफे आमच्या समोरच्या रस्त्यावरून जाणार होते, आणि आमची गल्ली काही दाखवण्याजोगी नव्हती. लोंबणाऱ्या वायरी, रस्तारुंदीत अर्धवट पाडलेल्या भिंती, कोपऱ्यावरचा कचरा. मग कंत्राटदाराच्या माणसांनी लोखंडी खांब रोवले, उंच पत्रे ठोकले आणि बाहेरच्या अंगाला तळं, बगळे, काचेच्या इमारती असं रंगीत चित्र चिकटवून टाकलं.

अप्पा सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. सोलापूरहून आले आणि इथलेच झाले. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. ते म्हणाले, "अगं, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. पाहुणे येणार म्हटलं की आपणही पसारा आतल्या खोलीत ढकलतोच की."

"पण आपण त्या आतल्या खोलीत राहतो, अप्पा."

त्यांनी हसून पेपर उघडला.

गल्लीला मागून वाट होती, पण ती गटाराच्या कामासाठी खणून ठेवलेली. चरावर टाकलेल्या डुगडुगत्या फळीवरून लोक ये-जा करायचे. गाडी येणं शक्यच नव्हतं. मी घरूनच काम करते. कानाला हेडफोन लावला तरी मनात येत राही, आग लागली तर? कुणाला एकदम काही झालं तर? बाहेर जाऊन मी पत्र्यांकडे बघून येई. पलीकडे रहदारी वाहत असे आणि आम्ही इथे आहोत हे तिथे कुणाला ठाऊकच नसे.

परिषदेच्या पहिल्याच दिवशी जेवताना अप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. "जरा घाम येतोय," म्हणाले आणि डावा हात चोळू लागले. चेहरा राखेसारखा झाला होता. मी अँब्युलन्सला फोन केला आणि शेजारच्या अक्कांना हाक मारली. त्या आल्या, अप्पांना त्यांनी टेकून बसवलं आणि वारा घालू लागल्या.

सायरन ऐकू आला आणि तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन. कन्नडमध्ये म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगता तिथे गल्लीच नाही. चित्राची भिंत आहे."

"त्या भिंतीच्या मागेच आहोत आम्ही!"

मी अनवाणी धावले. दोन्ही मुठींनी पत्रा बडवला. पलीकडून पोलिसाचा आवाज आला. "ताफा येतोय. आता काही हलवता येणार नाही. स्वल्प तडी."

जरा थांबा. दुकानदार, रिक्षावाले रोज म्हणतात, आपणही हो म्हणून थांबतो. त्या दिवशी ते शब्द ऐकून मी पत्रा आणखी जोरात बडवला. अक्कांचे यजमान पाना घेऊन आले, पण बोल्ट सगळे बाहेरच्या बाजूला. आतून काहीच करता येईना. सायरनही बंद झाला. गाडी परत गेली, असं वाटून मी मोठ्याने रडू लागले. पत्र्याखालच्या फटीतून पोलिसाचे बूट दिसत होते. ते जागचे हलत नव्हते. मी ओरडत राहिले, "वडील आहेत माझे! हार्ट अटॅक आहे!"

मग बूट वळले. पलीकडे काही बोलणं झालं आणि लोखंडावर पाना फिरल्याचा आवाज आला. ड्रायव्हर बोल्ट काढत होता. पोलिसाने दोन्ही हातांनी पत्रा ओढून धरला आणि आम्ही अप्पांना घरातून प्लास्टिकच्या खुर्चीत उचलून आणलं आणि तेवढ्या फटीतून खुर्चीसकट बाहेर काढलं.

गाडीत चढवलं, पण निघता येईना. समोरून काळ्या गाड्या जाऊ लागल्या होत्या. एकामागून एक, संपतच नव्हत्या. अप्पांचा हात माझ्या हातात गार पडत चालला होता. त्यांनी डोळे किलकिले करून विचारलं, "दिसताहेत का पाहुणे?" मी त्यांच्या श्वासाकडे बघत राहिले.

अप्पा वाचले. डॉक्टरांनी बंद झालेली रक्तवाहिनी उघडली. आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं ते म्हणाले, आणि ते वाक्य अजून मला झोपेतून उठवतं. आम्ही घरी आलो तोवर पत्रे निघाले होते, कोपऱ्यावरचा कचरा पुन्हा रस्त्यावरून दिसत होता.

अप्पा त्या दिवसाबद्दल बोलत नाहीत. फक्त परवा पेपरात पुढच्या कुठल्याशा परिषदेची बातमी आली, तेव्हा त्यांनी ती दोनदा वाचली. चष्मा काढून म्हणाले, "त्या आठवड्यात आपण शहराच्या दुसऱ्या टोकाला, जयनगरला आत्याकडे जाऊ या का?"

आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना भ्यालेलं पाहत होते. मी "हो" म्हणाले आणि आत्याला फोन लावला.