गाठ कोणी मारली, हे विचारणाऱ्या डॉक्टर

डॉ. रत्नमाला साळवे यांना मी प्रथम पाहिले तेव्हा त्या पेढ्यांचा बॉक्स घेऊन माझ्या दवाखान्याचा जिना चढून आल्या होत्या. भिवंडीत धामणकर नाक्याजवळ पहिल्या मजल्यावर माझा दातांचा दवाखाना तेव्हा चांगला स्थिरावला होता. "सर, समोरच्या गल्लीत तळमजल्यावर जागा घेतलीय. काही चुकलं तर हक्काने सांगा," असे त्या म्हणाल्या. मीही मोठ्या मनाने 'अवश्य' म्हणालो. दोन महिन्यांत त्यांच्या दाराबाहेर चपलांची रांग लागली आणि ती माझ्या खिडकीतून नेमकी दिसू लागली. त्यांचे चुकलेले काही मी आजही शोधतो आहे, अजून सापडलेले नाही.

मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांचे सर्वांत जुने सहव्यवसायी म्हणून मी लिहावे, असे संपादकांनी सुचवले. गेली सव्वीस वर्षे मी मॅडमचा मनापासून हेवा करत आलो आहे, हे संपादकांना ठाऊक नसावे. पण हेवा करणारा माणूस समोरच्याकडे जितके बारकाईने बघतो, तितके चाहतेसुद्धा बघत नाहीत. तेव्हा या कामाला मी लायक आहे.

आमच्या गावचे एक दुखणे बाहेरच्यांना सांगायला हवे. इथे लूमवर काम करणारा कारीगर दात दुखला तर कामाचा खाडा परवडत नाही म्हणून डॉक्टरकडे न जाता तो मागांच्या शेडमध्येच ओढून काढतो. दाताला पक्के सूत बांधायचे, दुसरे टोक दाराच्या कडीला, आणि झटका. तुटलेला धागा जोडण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांची गाठ सुटत नाही. दात मात्र निम्मा तुटतो आणि मूळ आतच राहते. मग हिरडीत पू होतो, जबड्याखाली सूज येते, तोंड उघडत नाही. ती सूज गळ्याकडे उतरली तर श्वास कोंडून माणूस दगावू शकतो.

असाच एक कारीगर गाल धरून आधी माझ्याकडे आला होता. मी त्याला विचारले, "अडाणी आहेस का?" त्यानंतर माझा तोफखाना बराच वेळ चालला. मी औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली तोवर खुर्ची रिकामी झाली होती. तो खाली उतरून मॅडमकडे गेला. मॅडमनी सूज पाहिली, स्वतः रिक्षात बसवून त्याला सरकारी रुग्णालयात नेले आणि वाटेत एकच प्रश्न विचारला, "गाँठ किसने मारी?" तो म्हणाला, "मुकादम ने. सबका वही निकालता है."

पुढच्या शुक्रवारी लूमची सुट्टी होती, तेव्हा मॅडमनी त्या मुकादमाला चहाला बोलावले. त्याच्या गाठीचे कौतुक केले. मग एक काढलेला दात हातात देऊन मूळ किती खोल असते ते दाखवले, आणि सूज, ताप, साखरेचा आजार, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या यांपैकी काही असेल तर सुताला हातच लावायचा नाही, हे त्याच्याकडून वदवून घेतले. महिन्याभरात तो मुकादम सूत सोडून माणसेच घेऊन येऊ लागला. शेडमागून शेड, मॅडम असे गाठवाले शोधत गेल्या. हे मला का सुचले नाही, या विचाराने मी कित्येक दिवस चिडचिडा होतो. घरी विचारा हवे तर.

त्यांची फी कमी, हे तर सर्वांना माहीत आहे. पण ती कमी फीसुद्धा ज्याला जड जाते, त्याला त्या परत पाठवत नाहीत. सरकारी दंत महाविद्यालयात कोणत्या खिडकीवर केसपेपर काढायचा, सकाळी किती वाजता पोचायचे, हे चिठ्ठीवर लिहून देतात. जवळच्या दिघाशी गावात त्यांचे शिबिर असते. एकदा मलाही नेले होते. एक आजी माझ्या टेबलासमोरून उठून मॅडमच्या रांगेत जाऊन बसल्या. मी कारण विचारले, तर म्हणाल्या, "तू बी चांगला हायस रं बाबा, पन बाईचा हात हलका हाय. आनि ती दात ऱ्हातो का ते आधी बघते, लगेच काढत न्हाय." वेळेवर दात भरून घेणे तो काढण्यापेक्षा स्वस्त पडते, हे मी दवाखान्यात बोर्डावर लिहून ठेवले आहे. मॅडम ते बोलून सांगतात.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती लिहू की नको, यात माझे चार दिवस गेले.

माझे वडील चाळीस वर्षे एका लूम कारखान्यात हिशेब सांभाळणारे मेहताजी होते. चार वर्षांपूर्वीच्या एका दुपारी मॅडमचा फोन आला. "सर, बाबा माझ्याकडे आहेत. सावकाश या, पण या." मी खुर्चीवरचा पेशंट तसाच सोडून रस्ता ओलांडला. बाबा मॅडमच्या खुर्चीत आडवे होते, सदरा पुढून लाल झाला होता, ओठ पांढरे. पुढचा हलणारा दात त्यांनी घरी सूत बांधून ओढला होता. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी रोज चालू होती, त्यामुळे रक्त थांबेना. सकाळपासून ते गुपचूप बेसिनमध्ये थुंकत आणि बेसिन धूत राहिले. गरगरायला लागल्यावर रिक्षा केली आणि माझ्या दवाखान्याखालून पुढे जाऊन मॅडमच्या दारात उतरले.

मी तोंड उघडले. "बाबा, मुलगा दातांचा डॉक्टर असताना—"

"सर, बीपी खाली आहे," मॅडम टाका घालता घालता म्हणाल्या. "ओरडू नका. त्यांचा हात धरा."

मी हात धरला. तो गार होता. हा हात आता आपल्या हातून जातोय की काय, असे वाटून मी तो दोन्ही हातांनी धरला. मॅडमनी टाके घातले, कापूस दाबून धरला, बाबांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन करून गोळीचे विचारले आणि रुग्णालयात पलंग मिळेपर्यंत खुर्चीजवळून हलल्या नाहीत. रक्त थांबले तेव्हा त्यांनी हळूच विचारले, "काका, गाठ कोणी मारली?" बोलता येत नव्हते, म्हणून बाबांनी बोट स्वतःच्या छातीवर ठेवले. चक्क अभिमानाने.

दोन दिवसांनी घरी मी विचारले, माझ्याकडे का नाही आलात? ते म्हणाले, "तुझ्याकडे आधी बोलणी, मग औषध. तेवढा दम नव्हता रे माझ्यात." मॅडमवर खूप राग आला. त्यांचा काही दोष नव्हता, म्हणून तो जास्तच आला.

त्या दिवसापासून मी बदललो, असे लिहायला बरे दिसेल. थोडा बदललो. मीही आता गाठ कोणी मारली ते विचारतो. परवा एक कारीगर हसून म्हणाला, "आप भी मॅडम जैसा पूछते हो." मी त्याला तोंड उघडायला सांगितले.

मॅडम, साठ वर्षांच्या झालात. तुमची पाठ ताठ राहो, नजर तीक्ष्ण राहो, हात असाच हलका राहो, आणि तुमच्या दारातली गर्दी तुम्हाला कधी थकवू नये. बाबा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. पुढच्या आठवड्यात त्यांना दात दाखवायचे आहेत, म्हणून माझ्याकडे येता का, असे मी काल पुन्हा भीत भीत विचारले. ते म्हणाले, "रत्नाबाई आहेत तोवर तुला कशाला त्रास?" तेव्हा तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. हे मागणे त्यांच्या मुलाचे आहे आणि अगदी मनापासूनचे आहे. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला ते तोंडातून काढायला अजून थोडे जड जाते.