न दुखणारा हात

लेकीच्या केसांसाठी आज खोबरेल तापत ठेवलं आणि त्या वासासरशी लखनऊ छावणीतलं आमचं क्वार्टर आठवलं. नव्वदच्या दशकात बाबा तिथे सैन्यात होते. सैन्याच्या एका साहसी मोहिमेत गरम हवेच्या फुग्यातून उडताना बर्नरचा भडका उडाला आणि त्यांचा उजवा हात भाजला. दोन वर्षं झाली तरी बोटं आखडलेलीच होती. रोज दुपारी कोमट तेल चोळून ती सरळ करायचं काम माझं. मी आठ वर्षांची होते.

एकदा तेल बाबांनीच तापवलं. माझ्याशी गप्पा मारता मारता त्यांनी सांडशी न घेताच त्या आखडलेल्या उजव्या हाताने शेगडीवरची वाटी उचलली. तेलातून धूर निघत होता आणि ते निवांत हसत होते.

"पापा, हाथ!" घाबरले की मला हिंदीच सुचायचं.

"काय झालं गं?" वाटी ठेवून त्यांनी तळवा पाहिला. कातडी सोलवटली होती. त्या हाताला चटका जाणवतच नव्हता; त्यांना कळलंच नव्हतं.

त्यानंतर काहीही उचलण्याआधी ते विचारायचे, "गरम आहे का बघ गं." मी भीत भीत आधी बोट लावायचे.

आज वाटी उतरवताना बोट चांगलंच पोळलं. मला हायसं वाटलं.